कान नसलेली तोफ

गेल्या दिवाळीत आमच्या नगरातील महाराष्ट्र मंडळाने किल्ल्यांची स्पर्धा भरविली होती. अंगणात मातीचे किल्ले आणि आत एका लांबट मेजावर ऐतिहासिक वस्तूंच्या प्रतिकृती, अशी मांडणी होती. त्या मेजावर दोन तोफा होत्या. एक पुठ्ठ्याची, चार हात लांब, सोनेरी कागदाने मढविलेली, तोंडाशी वाघाचा जबडा रंगविलेली. तिच्या पोटात फटाका ठेवण्याची युक्ती केली होती आणि दर अर्ध्या तासाने तिचा बार होई. दुसरी आमची. पितळेची, नळी वीतभरही नाही, शिसवी गाड्यावर बसविलेली. रंग नाही, मुलामा नाही, आवाज नाही. बक्षीस पहिलीस मिळाले. ते देणाऱ्यांचा तो अधिकारच होता व त्याबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती परीक्षकांच्या एका वाक्याबद्दल. आमची तोफ हातात घेऊन, उलटसुलट पाहून ते म्हणाले, "काम सुबक आहे हो, पण हिला कानच नाही! बत्ती कुठं देणार? तोफ म्हणजे आवाज!" सभागृह हसले. शिष्टाचार म्हणून आम्हीही हसलो.

तोफेच्या बुडाशी, आतल्या दारूस आग पोचावी म्हणून जे बारीक छिद्र ठेवलेले असते, त्यास आपल्या भाषेत कान म्हणतात. शत्रूच्या हाती जाऊ पाहणारी तोफ निकामी करावयाची तर तिच्या कानात मेख मारीत. आमच्या तोफेला कान नाही हे खरे. तो आम्ही जाणूनबुजून पाडलेला नाही. त्याचे कारण पुढे येईलच. परंतु "तोफ म्हणजे आवाज" हे जे तत्त्व त्या संध्याकाळी टाळ्यांच्या गजरात मान्य झाले, ते केवळ एका तोफेपुरते नाही. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आम्हां मराठी मंडळींचा आपल्या इतिहासाशी जो संबंध उरला आहे, त्याचे ते अचूक सूत्र आहे, आणि म्हणूनच त्याचा प्रतिवाद करणे आम्हांस अवश्य वाटते.

प्रथम ही तोफ झाली कशी ते सांगितले पाहिजे. काही वर्षांपूर्वी आमची नेमणूक राजस्थानात होती. एका रविवारी जयपूरजवळच्या जयगड किल्ल्यावर आम्ही सहकुटुंब गेलो. तेथील 'जयबाण' तोफ प्रसिद्ध आहे. १७२० साली, सवाई जयसिंहाच्या कारकिर्दीत ती ओतली गेली; नळीची लांबी वीस फुटांहून थोडी अधिक, तोंडाचा व्यास अकरा इंच, वजन पन्नास टन सांगतात. हे सारे आम्ही चिरंजिवांस मोठ्या उत्साहाने सांगितले. पण जयगडावर केवळ तोफ नाही, तोफा ओतण्याचा कारखानाही आहे. तेथे भट्टीची जागा आहे आणि बैलांच्या बळावर फिरवून तोफेचा पोटभाग कोरण्याचे यंत्र आहे. मुलगा तोफेपेक्षा त्या यंत्रापुढेच अधिक वेळ उभा राहिला. मग त्याने विचारले, "बाबा, असा कारखाना आपला कुठं होता? आपल्या तोफा कोणी ओतल्या?"

आम्ही निरुत्तर झालो. पानिपताचे दिवस आम्हांस पाठ. आग्र्याहून सुटका आम्ही रंगवून सांगू शकतो. मंडळाच्या व्यासपीठावर अटकेपार झेंडे तर आम्ही अनेकवार लावले आहेत. पण तोफ कोणी ओतली, कोणत्या गावी ओतली, तिची भिंत किती जाड होती, ती भरीव ओतून मग कोरली की पोकळच ओतली, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. बाराव्या वर्षाच्या मुलाने बापाच्या अभिमानाची खोली एका प्रश्नात मोजली, आणि ती फार भरली नाही.

उत्तर शोधू लागलो तेव्हा ते आमच्या आसपासच सापडले. महादजी शिंद्यांनी डी बॉइनच्या देखरेखीखाली कवायती पलटणी उभ्या केल्या, त्यांबरोबर तोफांचे कारखानेही उभे राहिले. १८०३ च्या युद्धात इंग्रजांच्या बाजूने लढलेला मेजर विल्यम थॉर्न याने पुढे त्या मोहिमेची हकीकत प्रसिद्ध केली. शिंद्यांच्या ज्या तोफा हाती आल्या त्यांचे वर्णन त्याने त्या ग्रंथात दिले आहे. काहींवर मथुरेत ओतल्याचा लेख होता, काहींवर उज्जयिनीचा. मापे बहुतांशी फ्रेंच धर्तीची. कारागिरी कंपनीच्या कारखान्यांतील कामापेक्षा तसूभरही उणी नाही. काही तोफांची नळी आतून लोखंडाची व वरून पितळेची होती, याचे त्यास मोठे नवल वाटले. शत्रूने दिलेली ही पावती आहे. ज्या मथुरेस आपण यात्रेस जातो आणि ज्या उज्जयिनीत सिंहस्थास जातो, तेथे या तोफा ओतल्या गेल्या. आपल्यापैकी कितीजणांस हे ठाऊक आहे?

तेव्हा आम्ही ठरविले की हे नुसते वाचावयाचे नाही, करून पाहावयाचे. मापे फ्रेंच धर्तीची म्हणजे ग्रिबोव्हाल या सेनाधिकाऱ्याने १७६५ च्या सुमारास फ्रान्सच्या तोफखान्यास जी शिस्त लावून दिली, तिच्या जवळची. ती शिस्त ध्यानात ठेवण्यास सोपी आहे. मैदानी तोफेच्या नळीची लांबी तोंडाच्या व्यासाच्या अठरा पट. वजन गोळ्याच्या दीडशे पट. चार पौंडी तोफेच्या तोंडाचा व्यास चौऱ्याऐंशी मिलिमीटर. म्हणून नळी सुमारे दीड मीटर आणि वजन सुमारे दोनशे नव्वद किलो. आम्ही एकास दहा हे प्रमाण धरले. नळी पंधरा सेंटिमीटर झाली, तोंड आठ मिलिमीटरांहून किंचित मोठे. येथे चिरंजिवांस पहिला धडा मिळाला. लांबी दहापट कमी झाली म्हणून वजन दहापट कमी होत नाही. लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही घटल्यामुळे ते हजारपट घटते. दोनशे नव्वद किलोंची तोफ दोनशे नव्वद ग्रॅमची होते. शाळेत घनाचे सूत्र त्याने घोकले होते. तळहातावर ते त्याने प्रथमच तोलून पाहिले.

पितळेची भरीव कांब आणली आणि बाजारामागच्या गल्लीतील एका खराद चालविणाऱ्या मिस्त्रीकडे गेलो. बाहेरचा आकार ठीक उतरला. बुडाशी जाड, तोंडाकडे निमुळता, मध्ये कंगोरे. मग नळी कोरण्याची पाळी आली. आम्हांस घाई होती. मिस्त्री म्हणत होता की थोडे थोडे जाऊ द्या, कीस बाहेर काढू द्या. आम्ही साहेबी थाटात हुकूम सोडला आणि ड्रिलने वाट सोडली. कांब कापून पाहिली तेव्हा भोक मध्यापासून एक मिलिमीटर सरकलेले. "एवढ्याने काय होते?" असे आम्ही म्हणालो. मिस्त्री म्हणाला, "साहब, यह नोटिंग नहीं है कि काटकर फिर लिख दिया." आणि चिरंजीव हळूच म्हणाले, "बाबा, आपला एक मिलिमीटर म्हणजे खऱ्या तोफेत एक सेंटिमीटर."

वाचकहो, त्या एका सेंटिमीटरचा अर्थ काय? नळी एका अंगास जाड आणि दुसऱ्या अंगास पातळ. दारू पेटली की तिचा जोर पातळ बाजू शोधतो. ती बाजू फाटते आणि शेजारी उभे असलेले गोलंदाज जागच्या जागी मरतात. गोळ्यामध्ये आणि नळीमध्ये अंतर ठेवावयाचे ते अवघे दोन-अडीच मिलिमीटर. अधिक ठेवावे तर दारूचा जोर बाजूने निसटून वाया जातो; कमी ठेवावे तर गोळा अडकतो. मथुरेच्या ओताऱ्यास हे सारे सांभाळावे लागले असणार, आणि त्याच्यापाशी आमचा विजेवर चालणारा खराद नव्हता. त्या दिवशी वाया गेलेल्या कांबेने आम्हांस त्या अज्ञात कारागिराचा जो आदर शिकविला, तो व्यासपीठावरील वीस भाषणांनी शिकविला नव्हता.

दुसरी नळी साधली. दोन्ही बाजूंचे आडवे खुंट, ज्यांवर तोफ गाड्यात झुलते, ते तोंडाच्या व्यासाएवढेच जाड; ते डाख देऊन बसविले. नळी वरखाली करण्याचे मळसूत्र बसविले. चाकांनी दोन महिने घेतले. तुंबा, बारा आरे, परिघाचे सहा तुकडे आणि वर लोखंडी धाव. प्रत्येक तुकड्यात दोन आरे नेमके बसले पाहिजेत, नाहीतर चाक डुलते. आमची सारी हयात कागदाच्या फायली सांभाळण्यात गेली. कानस नावाची दुसरी फाईल हाती धरण्यास आम्ही पन्नाशीत शिकलो, आणि पहिल्या फायलींनी जे शिकविले नाही ते दुसरीने शिकविले. ते हे की चूक दुसऱ्या टेबलाकडे पाठविता येत नाही.

शेवटी मुलाने एक गोष्ट केली जी आमच्या ध्यानी आली नव्हती. त्याने लाकडाची चार माणसे कोरली, त्याच एकास दहा प्रमाणात. एक ओल्या बोळ्याने नळी पुसणारा, एक दारू भरणारा, एक ठासणारा, एक बत्ती देणारा. प्रत्येकाची उंची साडेसोळा सेंटिमीटर. म्हणजे नळीपेक्षा माणूस मोठा! ती चार माणसे तोफेशेजारी उभी राहिली आणि त्या मेजावरील देखावाच पालटला. तोफ एकाएकी लहान झाली, आणि तिच्याजवळ उभे राहण्याचे धैर्य मोठे झाले. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईच्या रणावर शिंद्यांचे असेच गोलंदाज उभे होते. इंग्रजांची रांग तोफांवरून पुढे निघून गेली तेव्हा मेल्यासारखे पडून राहिलेले काही गोलंदाज पुन्हा उठले, तोफा फिरविल्या आणि पाठमोऱ्या शत्रूवर त्यांनी मारा सुरू केला. ९० हून अधिक तोफा त्या दिवशी गेल्या. १ नोव्हेंबरला लासवारीस आणखी ७० च्या आसपास गेल्या. तोफांची मोजदाद शत्रूने केली. त्यांच्यापाशी उभ्या असलेल्या माणसांची आठवण ठेवणे हे आपले काम होते. पुठ्ठ्याच्या चार हाती तोफेशेजारी माणूस उभा करा पाहू! तो राक्षस हवा किंवा तोफ खोटी हवी. प्रमाण सोडले की प्रथम माणूस नाहीसा होतो.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप असा की हा साहेबी छंद आहे. निवृत्त कर्नलांनी शेकोटीशेजारी बसून करावयाचा. आपल्यात हे कुठले? ज्या अंगणात बसून आमच्या मित्रांनी हा आक्षेप घेतला, त्याच अंगणात मुलांनी मातीचे अकरा किल्ले रचले होते! दर दिवाळीस दगड, माती, गोणपाट आणून तट, बुरूज, माची बांधणारी, त्यावर अळीव पेरून रान उगवणारी जात प्रतिकृती करणे साहेबाकडून शिकली काय? उणीव एवढीच की आपण तो छंद मुले दहा-बारा वर्षांची झाली की सोडवितो. किल्ल्यात बाजारची तोफ ठेवतो, जी महाद्वारापेक्षा उंच असते, आणि त्यात कोणास काही वावगे वाटत नाही. लहानपणीचे खेळणे मोठेपणी विद्या व्हावयास हवे होते. ते आपण माळ्यावर टाकून देतो आणि त्याच्या जागी भाषण आणून बसवितो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर, आणि तो करणाऱ्या गृहस्थांबद्दल आम्हांस आदर आहे. ते म्हणतात, जगात शस्त्रांचा बाजार आधीच मांडलेला आहे. मुलांच्या हाती तोफ कशास देता? त्यांस आमचे उत्तर असे की युद्धाची नशा चढते ती आवाजाने, मापाने नव्हे. भिंत किती पातळ झाली की किती माणसे मरतात, हे ज्याने बोटांनी चाचपले आहे, त्यास तोफ ही गंमत वाटत नाही. आणि म्हणूनच आम्ही तिला कान ठेवला नाही. डाख दिलेली पितळी नळी दारूचा जोर सोसण्यास केली नव्हे. लहान तोफेचा बारही हात तोडू शकतो. शिवाय बार काढता येणारी नळी, ती कितीही लहान असो, १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कक्षेत येऊ शकते, हे आमच्या अधिकारी वाचकांस आम्ही सांगावे असे नाही. पण खरे कारण कायद्याचे नव्हे. जी तोफ वाजत नाही तिच्याकडे पाहावे लागते, एवढेच.

तिसरा आक्षेप आमच्याच मनाने घेतला. तो असा की मथुरेच्या तोफा जर फ्रेंच मापांच्या आणि देखरेख परक्यांची, तर त्यांत 'आपले' काय? विजापूरची 'मुलूख मैदान' तोफ घ्या. ती १५४९ साली अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, ओतली गेली हे खरे. पण ओतणारा महंमद बिन हसन रूमी, तुर्कस्तानाकडचा. मग हा अभिमान उसना नव्हे काय? या प्रश्नास भिऊन आपण इतिहासाची ही खोली बंद ठेवली असावी असे आम्हांस वाटते. पण भिण्याचे कारण नाही. परक्याकडून शिकण्यात कोणत्याही राष्ट्रास कधी कमीपणा आलेला नाही. भरीव तोफ ओतून मग ती कोरण्याची रीत फ्रान्सने मारित्झ नावाच्या स्विस ओताऱ्याकडून घेतली. खुद्द ग्रिबोव्हाल सप्तवार्षिक युद्धात ऑस्ट्रियाच्या नोकरीत होता आणि तेथला अनुभव घेऊन परतला. फरक पुढचा आहे. त्यांनी परक्याची विद्या तक्त्यांत मांडली, शाळांतून शिकविली, आणि गुरू निघून गेला तरी विद्या घरात राहिली. आपण तोफ ठेवली आणि विद्या नोकरीस ठेवली. १८०३ साली परके अधिकारी शिंद्यांची चाकरी सोडून गेले, खुद्द सेनापती पेराँ इंग्रजांच्या आश्रयास गेला, तेव्हा त्यांची जागा घेईल असा अधिकारीवर्ग दरबाराने तयार केलेला नव्हता. तोफा उत्तम होत्या, गोलंदाज मरेपर्यंत लढले. कमी पडले ते मधले ज्ञान, जे ओताऱ्याच्या हातातून सरदाराच्या डोक्यात कधी चढलेच नाही.

ते का चढले नाही? आमच्या मते, लेखणी धरणाऱ्या हाताने हातोडी धरणाऱ्या हातास कधी बरोबरीने बसविले नाही म्हणून. हा दोष १८०३ बरोबर संपला असता तर हा लेख लिहिण्याची गरज नव्हती. परंतु परवा मंडळात ज्यांनी आमची चेष्टा केली, त्यांचे खरे म्हणणे निराळेच होते. एकाने ते बोलूनही दाखविले. "एवढा वरच्या हुद्द्यावरचा माणूस, आणि गल्लीतल्या मिस्त्रीशेजारी स्टुलावर बसतो!" होय, बसतो, आणि तेथेच आम्हांस कळले की आमचे हुद्दे ज्या राज्याचा वारसा सांगतात, ते राज्य कशामुळे गेले. पाहा, मुर्शिदाबादेस 'जहानकोषा' नावाची तोफ आहे. १६३७ साली ढाक्यास जनार्दन कर्मकार या लोहाराने ती घडविली, आणि त्याचे नाव तिच्यावरील लेखात कोरलेले आहे. सुभेदाराच्या नावाशेजारी लोहाराचे नाव! आपल्या मंडळाच्या कार्यक्रमपत्रिकेत मांडव घालणाऱ्याचे नाव आपण कधी छापले आहे काय?

आम्हां बदलीच्या नोकरांचे भाग्य असे की या देशातील तोफा आमच्या वाटेवरच पडलेल्या आहेत. कोणी जयपुरास आहे, कोणी मुर्शिदाबादेच्या जिल्ह्यात, कोणी विजापुरास. कोणी तंजावरास असेल, जेथे मराठ्यांचे राज्य होते आणि जेथे लोखंडी पट्ट्या व कडी तापवून, एकमेकींस जोडून घडविलेली प्रचंड तोफ आजही पूर्वेकडच्या तटावर पडून आहे. रविवारी आपण तिच्यापुढे उभे राहून छायाचित्र घेतो आणि परततो. आमची विनंती इतकीच की पुढच्या वेळी खिशात टेप न्यावी, रखवालदाराची परवानगी घ्यावी, मुलास टेपचे दुसरे टोक धरावयास द्यावे. लांबी, तोंडाचा व्यास, बुडाचा घेर, खुंटांची जाडी, लेख असल्यास त्यातील नावे, ही सर्व वहीत मराठीत उतरावीत. मग घरी येऊन लाकूड, पितळ, साबण, जे मिळेल त्यातून प्रमाणशीर प्रतिकृती करावी. मराठी शाळेवाचून परमुलखात वाढणारी मुले आपल्याकडून घोषणा फार लवकर शिकतात आणि तितक्याच लवकर विसरतात. हाताने मोजलेले विसरत नाहीत.

पुढच्या दिवाळीत आम्ही पुन्हा तोफ ठेवणार आहोत. चिरंजिवांनी या खेपेस लोखंडी नळीवर पितळ चढविलेल्या मथुरेच्या तोफेचा ध्यास घेतला आहे आणि तीन कांबा आताच वाया घालविल्या आहेत. बक्षिसाची आशा नाही. मात्र ज्या वाचकांनी आपापल्या ठिकाणची तोफ मोजली असेल त्यांनी मापे या मासिकाकडे अवश्य धाडावीत. आवाज धाडण्याची आवश्यकता नाही. तो आमच्यापाशी भरपूर शिल्लक आहे.